दुभाजकावरचा जांभळा गालिचा

रस्त्यांच्या दुभाजकांवर आणि सोसायट्यांच्या कुंपणालगत जांभळी पाने पसरून लोळणारी सेटक्रेशिया मूळची मेक्सिकोच्या आखाती किनाऱ्याकडची. शास्त्रीय नाव ट्रॅडेस्कँशिया पॅलिडा. अँथोसायनिन या रंगद्रव्यामुळे ती भर उन्हात गडद जांभळी दिसते. सावलीत हिरवट, मरगळलेली. खोड मांसल असल्याने चार दिवस टँकर फिरकला नाही तरी ती तग धरते, आणि तुटलेल्या पेरालाही मुळे फुटतात, म्हणून एका कुंडीतून अख्खा वाफा भरतो. कमी खर्चात उजाड माती झाकायची तर याहून सोयीचे झाड सापडणे कठीण. तक्रार झाडाबद्दल नाही, त्याला सरसकट ‘पर्यावरणपूरक’ म्हणण्याबद्दल आहे.

माती धुपू न देणे हा तिचा गुण खराच. पण तिची तीन पाकळ्यांची गुलाबी फुले दिवसभरही टिकत नाहीत, त्यांत मध नसतो. कीटकांच्या वाट्याला येतात ते थोडे परागकण. दाट थराखाली दुसरे रोप सहसा डोके वर काढत नाही. ब्राझीलच्या साओ पावलोत संशोधकांनी तिच्या परागमातृपेशींतील सूक्ष्मकेंद्रके मोजून हवेच्या प्रदूषणाचा जनुकीय परिणाम तपासला आहे. मात्र ही झाली प्रदूषणाची साक्ष. त्यावरून ती हवा शुद्ध करते असे ठरत नाही.

‘आपल्याकडे ती रानात कुठे माजली आहे?’ हा आक्षेप रास्त आहे. बीपेक्षा ती पसरते मुख्यतः फांद्यांच्या तुकड्यांतून, म्हणजे माणूस ते टाकेल तिथे. पण तिची बहीण ट्रॅडेस्कँशिया फ्लुमिनेन्सिस न्यूझीलंडच्या जंगलात जमीन व्यापून झाडांची रोपे दडपते. तिला आवरायला 2011 पासून ब्राझीलचे भुंगेरे सोडावे लागले. बहिणीचा गुन्हा हिच्या माथी मारू नये, हे मान्य. तरी घाणेरीही बागेची शोभा म्हणूनच भारतात आली होती. सिमेंटच्या कठड्यात सेटक्रेशिया खुशाल लावावी. टेकडीच्या उतारावर, ओढ्याकाठी किंवा सड्यावर नको. तिथे तिच्याच कुळातली केना, आभाळी, नीलवंती पावसाळ्यात आपसूक उगवतात. त्या उन्हाळ्यात दिसेनाशा होतात, म्हणून दुभाजकाच्या कामाच्या नाहीत, हेही खरे. छाटणी मात्र नाल्यात टाकू नये: ओलाव्यात पडलेले पेर पुन्हा रुजते. बंद पिशवीत पूर्ण कुजल्यावरच तिचे खत करावे.