फाईल बिघडली नाही, ती उघडायची कशात ते सांगायचं राहिलंय



आजचा विषय छोटा आहे, पण त्याच्यापायी आमची कळमनुरीची एक अख्खी फेरी वाया गेली. गटाच्या कर्जाचा हिशेब पेन ड्राइव्हमध्ये घेऊन आम्ही तिघी गावाहून आलो होतो. एका दुकानातल्या संगणकावर फाईलवर डबल क्लिक केलं. फाईल उघडली नाही, उलट ती कशात उघडायची हा प्रश्न पडद्यावर आला. दुकानातला मुलगा म्हणाला, "मावशी, फाईल खराब झाली, नव्यानं टाईप करावी लागेल." पानामागं पैसे मोजले, वर दोन आकडे चुकले. नंतर कळलं, फाईल चांगली धडधाकट होती.

मग अडलं कुठं?

बहुतेक फाईलींच्या नावाला शेवटी एक ठिपका आणि त्यापुढं दोन-चार अक्षरं असतात. त्याला एक्स्टेन्शन म्हणतात, आपण शेपूट म्हणू. पीडीएफ म्हणजे छापायला तयार पान, जेपीजी म्हणजे फोटो, डॉक्स म्हणजे वर्डमधलं लिखाण, एक्सएलएसएक्स म्हणजे एक्सेलचा तक्ता.

गिरणीवर पोती उतरवली की गडी वरची चिठ्ठी बघतो. 'हळद' लिहिलं असेल तर पोतं हळदीच्या चक्कीकडं, 'ज्वारी' असेल तर पिठाच्या. विंडोजही तसंच करतं. डबल क्लिक केलं की ते फाईलच्या आत बघत नाही, शेपूट बघतं. मग आपल्या नोंदवहीत, म्हणजे रजिस्ट्रीत, या शेपटाची फाईल कोणत्या प्रोग्रामची ते शोधतं, तो प्रोग्राम सुरू करतं आणि फाईल त्याच्या हाती देतं. प्रोग्राम संगणकात बसवताना ही नोंद होते. त्या दुकानातल्या संगणकात एक्सेलच नव्हतं, म्हणून नोंदही नव्हती. चक्कीच नसेल तर पोत्याचा काय दोष?

अशा वेळी काय करायचं?

फाईलवर माऊसचं उजवं बटण दाबा. 'ओपन विथ', मग 'चूज अनदर ॲप' निवडा. यादीतून योग्य प्रोग्राम निवडून 'ऑलवेज' म्हणा. पुढच्या वेळी डबल क्लिक केलं की त्या शेपटाची फाईल त्याच प्रोग्राममध्ये उघडेल. पीडीएफ भलत्याच ठिकाणी उघडत असेल तरी हाच उपाय.

यादीत योग्य प्रोग्राम नसेल तर लिब्रेऑफिस बसवून घ्या. ते मोफत आहे आणि त्यात वर्ड-एक्सेलच्या फाईल उघडतात. प्रोग्राम नुसताच सुरू झाला, फाईल दिसली नाही, तर त्याच्यातच 'फाईल', मग 'ओपन' करून आपली फाईल निवडा.

एक चूक मात्र करू नका. नाव बदलून एक्सएलएसएक्सच्या जागी पीडीएफ लिहू नका. चिठ्ठी बदलली म्हणून ज्वारीची हळद होत नाही. पीडीएफ हवी असेल तर प्रोग्राममधूनच 'सेव्ह ॲज' किंवा 'एक्सपोर्ट' करून घ्या. आम्ही आता कळमनुरीला जाताना हिशेबाच्या दोन प्रती नेतो: दुरुस्तीसाठी मूळ फाईल आणि छापायला पीडीएफ.

आता सावधगिरीचं. विंडोज बहुतेक वेळा शेपूट लपवून ठेवतं. त्याचा फायदा भामटे घेतात. नाव असतं 'लाभार्थी यादी.पीडीएफ.ईएक्सई', आपल्याला दिसतं फक्त 'लाभार्थी यादी.पीडीएफ'. ईएक्सई म्हणजे कागद नव्हे, तो प्रोग्राम. डबल क्लिक केलं की तो चालूच होतो. म्हणून फाईलींच्या खिडकीत 'व्ह्यू'मध्ये जाऊन 'फाईल नेम एक्स्टेन्शन्स' चालू करा. विंडोज अकरामध्ये ते 'व्ह्यू'खालच्या 'शो'मध्ये आहे. मोबाईलवर लग्नपत्रिका म्हणून एपीके शेपटाची फाईल आली तर तीही उघडू नका, तो ॲप बसवण्याचा डाव असतो. पैसे गेलेच तर लगेच 1930 या क्रमांकावर तक्रार करा.

योग्य प्रोग्राममध्येही फाईल उघडली नाही, तर मात्र ती खरंच खराब असू शकते. म्हणून दुसरी प्रत हवीच.

पुढच्या बैठकीत एक काम करा. गटाच्या फाईलींची शेपटं बघा आणि कोणती फाईल कशात उघडते ते वहीत लिहून ठेवा. मग कुणी "फाईल खराब आहे" म्हणालं, तर पैसे काढण्याआधी आपण विचारू, "दादा, तुमच्या संगणकात ही उघडायला प्रोग्राम आहे का?"