अँडीजची सहल आखूया, पण आलेखाच्या कागदावर!

दोस्तांनो, सहल ठरवायची म्हटलं की तुम्ही काय करता? नकाशा पसरता, दोन ठिकाणांमध्ये किती किलोमीटर ते पाहता आणि गाडीला किती तास लागतील याचा हिशेब मांडता. बरोबर ना? आज आपण जी सहल आखणार आहोत, तिथं नुसत्या नकाशाने भागणार नाही. त्यासाठी गणिताच्या तासाचा आलेखाचा कागद काढा. आडव्या रेषेवर सहलीचे दिवस आणि उभ्या रेषेवर समुद्रसपाटीपासूनची उंची, मीटरमध्ये. काढलात? मग चला दक्षिण अमेरिकेत, अँडीजच्या डोंगरांत!

अँडीज ही जमिनीवरची सर्वांत लांब पर्वतरांग. लांबी सुमारे ७,००० किलोमीटर. व्हेनेझुएलापासून चिलीपर्यंत सात देशांतून ती गेली आहे. एवढी सगळी एका सहलीत बघू म्हणाल तर हाती काहीच लागायचं नाही. आपण फक्त पेरू देशाचा दक्षिण भाग घेऊ. (पेरू म्हणजे फळ नव्हे हं! पण तेही फळ मूळचं अमेरिका खंडातलंच.) इंका राजांची राजधानी इथंच होती आणि त्या लोकांची क्वेचुआ भाषा आजही इथल्या घराघरांत बोलली जाते. दिवस साधारण बारा. माणसं आठच. दोन कुटुंबं मिळून झाली की बास. आठच का, ते पुढे कळेल.

आता पहिला आकडा. पेरूची राजधानी लिमा समुद्रकाठी आहे, म्हणजे उंची जवळजवळ शून्य. तिथून विमानात बसलं की दीड तासाच्या आत कुस्को, इंकांची जुनी राजधानी. उंची ३,४०० मीटर! आपलं महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर. कळसूबाईच्या डोक्यावर आणखी एक कळसूबाई ठेवा, तरी कुस्को त्याच्याही वरच राहतं.

एवढ्या उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठच्या दाबाच्या सुमारे दोन तृतीयांश असतो. म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायूही तेवढाच कमी. शरीर याची सवय करून घेतं, पण त्याला काही दिवस लागतात. विमान काही तेवढं थांबत नाही. मग डोकं दुखतं, मळमळतं, झोप लागत नाही. रोज सूर्यनमस्कार घालणाऱ्या धट्ट्याकट्ट्या दादालासुद्धा हे होऊ शकतं, कारण दमछाक आणि उंचीचा त्रास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

म्हणून आपली युक्ती अशी. कुस्कोच्या विमानतळावर उतरायचं, पण शहरात मुक्काम करायचाच नाही. गाडीत बसून सरळ खाली उरुबांबा नदीच्या खोऱ्यात, ओयांतायतांबो या गावी जायचं. उंची २,८०० मीटर. इंकांनी आखलेल्या अरुंद गल्ल्या आणि पाण्याचे पाट या गावात अजून वापरात आहेत. इथं तीन रात्री. पहिल्या दिवशी पळापळ नाही, पायऱ्यांवर शर्यती नाहीत. भरपूर पाणी आणि हलकं जेवण. तिथले लोक मुन्या नावाच्या पुदिन्यासारख्या वनस्पतीचा चहा देतात, तो जरूर प्या.

तिथूनच रेल्वेने माचू पिचूला जायचं. तुम्हाला काय वाटतं, माचू पिचू कुस्कोच्या वर असेल? चित्रांत ढगांत बुडालेलं दिसतं, त्यामुळे पुष्कळांना तसंच वाटतं. प्रत्यक्षात ते २,४३० मीटरवर आहे, कुस्कोपेक्षा जवळजवळ हजार मीटर खाली! म्हणून ते आधी. तिकिटावर तारीख, वेळ आणि आत फिरायचा मार्ग छापलेला असतो, तेव्हा ते महिनोनमहिने आधी काढून ठेवायचं. माचू पिचूविषयी तुमच्या पुस्तकांत भरपूर सापडेल, मी इथं थांबत नाही.

त्यानंतर कुस्को, ३,४०० मीटर. तीन रात्री. आणि सगळ्यात शेवटी टिटिकाका सरोवर, ३,८१२ मीटर. आलेखावर ठिपके जोडून पाहा. आपली रेघ एकदा उडी मारते, थोडी खाली येते आणि मग हळूहळू चढते. डॉक्टरांचा नियम असा, की ३,००० मीटरच्या वर रोजची झोपायची जागा आदल्या रात्रीपेक्षा ५०० मीटरहून जास्त चढवायची नाही. आपल्या रेघेत ही अट पाळलेली आहे का, ते तुम्हीच तपासा. आणि आई-बाबांनो, कुणाला दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर तिकिटं काढायच्या आधी डॉक्टरांकडे जा. सहलीत डोकं दुखत असेल तर वर चढायचं नाही. एखाद्याचा तोल जाऊ लागला, तो असंबद्ध बोलू लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर लगेच डॉक्टर गाठायचा आणि खाली उतरायचं. मग पुढची बुकिंगं बुडाली तरी बुडू द्यावीत. या त्रासाने माणसं दगावतात, तिथं हट्ट चालत नाही.

उंची ठरली. आता तारीख. आपल्याकडे जूनमध्ये पाऊस सुरू होतो, तेव्हा तिकडे हिवाळा असतो. आकाश निरभ्र, दिवसा छान ऊन आणि रात्री पाणी गोठेल अशी थंडी. सहलीला उत्तम. २४ जूनला कुस्कोत इंती रायमी, म्हणजे सूर्याचा उत्सव असतो. पण तोवर आपल्या शाळा सुरू झालेल्या असतात! मला विचाराल तर फारसं वाईट वाटून घेऊ नका. स्पॅनिश राज्यकर्त्यांनी बंद पाडलेला हा उत्सव १९४४ साली पुन्हा सुरू झाला. आज तो नट-नर्तकांनी सादर केलेला मोठा देखणा सोहळा आहे. त्यापेक्षा जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास जे घडतं, ते पाहायला मी शाळेचा एखादा दिवस बुडवीन. (हे बाईंना सांगू नका.)

कुस्कोहून गाडीने तीन-चार तासांवर आपुरिमाक नदीची खोल घळ आहे. तिच्यावर सुमारे ३० मीटर लांबीचा एक झुलता पूल आहे, केस्वाचाका नावाचा. हा पूल गवताचा आहे. अगदी साध्या डोंगराळ गवताचा! इंकांच्या राज्यात सुमारे ३०,००० किलोमीटर रस्त्यांचं जाळं होतं आणि घळी ओलांडायला असे पूल होते. बाकीचे गेले, हा राहिला. का राहिला? दगडी आहे म्हणून नव्हे, तर दरवर्षी नवा बांधतात म्हणून.

काठावरच्या चार गावांतली माणसं गवत कापतात, भिजवतात, कुटतात. बायका त्याच्या बारीक दोऱ्या वळतात आणि प्रत्येक घर आपल्या वाट्याच्या दोऱ्या घेऊन येतं. पुरुष त्या दोऱ्या पिळून मांडीएवढे जाड दोर करतात. धरणीमातेला, म्हणजे पाचामामाला, नैवेद्य दाखवतात. जुना पूल कापून नदीत सोडून देतात. गवतच ते, कुजून जातं. मग दोन्ही काठांवरून एकेक जाणता कारागीर घळीवर लोंबकळत विणत निघतो आणि दोघं मध्यावर भेटतात. तीन दिवस काम आणि चौथ्या दिवशी नाच-गाणं. प्रत्यक्ष पुलावर बायकांनी जायचं नाही अशी तिथली रीत आहे. आपल्या बरोबरच्या मुलींना ती खटकेल, आणि खटकली तर नवल नाही.

गंमत म्हणजे जवळच मोटारींसाठी पक्का पूल आहे. म्हणजे नदी ओलांडायला गवताच्या पुलाची कुणालाच गरज नाही! मग हा खटाटोप कशाला? क्वेचुआ भाषेत एक शब्द आहे, 'आइनी'. आज मी तुझ्या शेतात राबतो, उद्या तू माझ्या. आपल्या खेड्यांत यालाच सावड किंवा इर्जिक म्हणतात. आजीला विचारा, तिला ठाऊक असेल. हा पूल म्हणजे चार गावांची वर्षातली मोठी सावड. २०२० साली साथीमुळे ती झाली नाही आणि मार्च २०२१ मध्ये जीर्ण झालेला पूल तुटून पडला. त्याच जूनमध्ये गावकऱ्यांनी काठ ते काठ दोर नव्याने ओढून तो पुन्हा उभा केला. २०१३ पासून युनेस्कोच्या वारसा यादीत ज्याचं नाव आहे, ते या बांधण्याच्या विद्येचं आणि रीतीचं.

आपण तिसऱ्या दिवशी जायचं. उतारावर बसून बघायचं, दोरांच्या जवळ घोटाळायचं नाही. लोक कामात असतात.

आणि आता 'आठच का' याचं उत्तर. टिटिकाका सरोवरात ताकिले नावाचं बेट आहे. तिथं मोटारी नाहीत. पाहुणे गावकऱ्यांच्या घरी उतरतात आणि कुणाचे पाहुणे कुणाकडे, हे पाळीपाळीने ठरतं, म्हणजे एकाच घराची चंगळ होत नाही. घरात खाटा असतात दोन-चार. तिथं चाळीस माणसांची बस रिकामी केली तर जेवायला एकत्र बसणं दूरच, यजमानाचं नावसुद्धा कळणार नाही. आठजण दोन-तीन घरांत सहज सामावतात.

या बेटावरचे पुरुष चालता-चालता टोप्या विणतात. मुलगे लहानपणीच सुया हातात घेतात. टोपीच्या नक्षीवरून तो गडी लग्नाचा आहे की अजून मोकळा, ते कळतं! बायका मागावर पट्टे विणतात. विक्री गावाच्या सामाईक दुकानात, ठरलेल्या भावाने होते, तेव्हा आईला आधीच सांगून ठेवा, घासाघीस नाही. फोटो काढायचा तर आधी विचारायचं. आपल्या अंगणात येऊन कुणी न विचारता आजीचे फोटो काढू लागलं तर?

जेवणाची काळजी नको. बटाटा मूळचा याच टिटिकाकाच्या परिसरातला. अँडीजमध्ये त्याच्या हजारो जाती आहेत, जांभळ्या, काळ्या, वाकड्यातिकड्या. रात्रीच्या थंडीत गोठवून, पायांनी तुडवून, उन्हात वाळवलेल्या बटाट्याला चुन्यो म्हणतात. तो वर्षानुवर्षं टिकतो. आणि तुमची उपासाची साबुदाण्याची खिचडी घ्या. साबुदाण्याचा कंद, शेंगदाणा, बटाटा, मिरची, चारही जण मूळचे अमेरिका खंडातले! मात्र शाकाहारी असाल तर सूप कशात शिजवलंय ते विचारून घ्या.

कागदपत्रांत पासपोर्ट आणि व्हिसा कुणी विसरत नाही, पिवळ्या तापाची लस विसरतात. पेरूहून भारतात परतताना त्या लशीचा दाखला मागतात. नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात बसवून ठेवू शकतात. लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि ती ठरावीक सरकारमान्य केंद्रांतच मिळते. तेव्हा आलेखाच्या कागदावर पहिल्या दिवसाच्या डावीकडे थोडी जागा सोडा आणि तिथं लाल पेन्सिलीने एक ठिपका काढून ठेवा.