मैदान सगळ्यांचं, नियम कुणाचे?

कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत, फेअरफॅक्स गावाजवळ डोंगरावरून उतरणारी एक कच्ची वाट आहे. लांबी जेमतेम सव्वातीन किलोमीटर, पण तेवढ्यात ती चारशे मीटर खाली येते. १९७६ मध्ये तिथल्या काही तरुणांनी भंगारात निघालेल्या, जाड टायरच्या जुन्या सायकली घेऊन या वाटेवर शर्यती लावायला सुरुवात केली. त्या सायकलींचा मागचा ब्रेक पायडल उलटं दाबून लागायचा. उतारावर तो इतका तापायचा की हबमधलं ग्रीस जळून धूर व्हायचा, आणि खाली पोचल्यावर हब उघडून नवं ग्रीस भरल्याशिवाय पुन्हा उतरणं शक्य नसायचं. त्यावरूनच शर्यतीचं नाव पडलं ‘रिपॅक’. मग कुणी मोटरसायकलचे ब्रेक बसवून पाहिले, कुणी गिअर चढवले. जे टिकायचं ते पुढच्या खेपेला दुसऱ्याच्या सायकलवर दिसायचं. १९७७ मध्ये जो ब्रीझने या कामासाठीच स्वतः फ्रेम जोडली. मोठ्या प्रमाणावर तयार झालेली माउंटन बाइक दुकानात यायला मात्र १९८१ उजाडलं.

एमआयटीमधले प्राध्यापक एरिक फॉन हिप्पल यांनी अशा प्रसंगांचा आयुष्यभर अभ्यास केला. हवाईच्या किनाऱ्यावर १९७८ मध्ये लॅरी स्टॅन्ली आणि त्याचे मित्र विंडसर्फिंग करताना लाटेवरून उड्या मारू लागले. हवेत फळी पायाखालून निसटायची, म्हणून त्यांनी फळीला पायाचे पट्टे बसवले आणि एका नव्या खेळाचं दार उघडलं. वापरणारा माणूसच सुधारणा करतो आणि कंपनी मागून येते, हे फॉन हिप्पल यांनी खेळांच्या कितीतरी साधनांबाबत दाखवून दिलं. २००३ मध्ये हेन्री चेसब्रो यांनी ‘ओपन इनोव्हेशन’ या नावाचं पुस्तक लिहिलं आणि उद्योगांना सांगितलं की, सगळी हुशार माणसं तुमच्याच प्रयोगशाळेत नसतात. तेव्हापासून हे दोन शब्द सरकारं, क्रीडा संघटना आणि विद्यापीठं यांच्या तोंडी रुळले.

पण डोंगरावरच्या पोरांनी जे केलं ते आपसूक घडलं होतं. मुद्दाम कार्यक्रम आखून, पैसे घालून, महापालिका, शाळा, डॉक्टर, खेळाडू आणि तंत्रज्ञ यांना एका टेबलाशी बसवून तेच घडवून आणता येईल का, हा खरा प्रश्न आहे. आजवर सर्वांत सोपा म्हणून निवडला जाणारा मार्ग म्हणजे कल्पनांची स्पर्धा. आवाहन करायचं, अर्ज मागवायचे, दोन दिवसांचं शिबिर घ्यायचं, बक्षिसं द्यायची. मला हा मार्ग मनापासून चुकीचा वाटतो. खेळात कल्पनांची वाण कधीच नव्हती. वाण आहे ती पुढच्या शनिवारी, आणि त्याच्या पुढच्याही शनिवारी, मैदानावर वेळेत हजर राहणाऱ्या माणसांची. टिकलेले उपक्रम पाहिले की एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: त्यांनी फार थोड्या गोष्टी घट्ट धरल्या आणि बाकीचं सगळं लोकांच्या हाती सोडलं.

यातलं सर्वांत स्वच्छ उदाहरण पार्करनचं. २ ऑक्टोबर २००४ रोजी लंडनमधल्या बुशी पार्कमध्ये १३ जण धावले. पॉल सिंटन-ह्यूइट हा धावपटू दुखापतीमुळे स्वतः धावू शकत नव्हता आणि मित्रांची संगत तर हवी होती, म्हणून त्याने हा घाट घातला. वेळ कागदावर लिहिली जायची आणि अंतिम रेषेवर क्रमांकासाठी जे बिल्ले दिले जायचे ते होते हार्डवेअरच्या दुकानातून आणलेले वॉशर. दुसरं ठिकाण, विंबल्डन कॉमन, सुरू व्हायला २००७ साल लागलं. आज वीसहून जास्त देशांत पार्करन चालतं.

घट्ट धरलेल्या गोष्टी हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्या. अंतर पाच किलोमीटर, दर आठवड्याला, वेळ नोंदलेली, आणि कायम मोफत. एकदा नाव नोंदवायचं, बारकोड घ्यायचा, जगातल्या कुठल्याही पार्करनला तो चालतो. वाट कुठून न्यायची, कुणी आयोजन करायचं, नंतर चहा कुठे प्यायचा, हे ज्या त्या गावाचं. मैदानावरची सगळी कामं स्वयंसेवक करतात. सर्वांत मागे एक स्वयंसेवक चालत असतो, त्यामुळे शेवटून पहिला येण्याची लाज कुणाच्याच वाट्याला येत नाही. ही युक्ती मला कुठल्याही ॲपपेक्षा मोठी वाटते. धावणाऱ्यांची सरासरी वेळ वर्षागणिक वाढत गेली आणि संस्थेने ते अभिमानाने सांगितलं, कारण पूर्वी कधी न धावलेली, चालणारी, वयस्कर माणसं येऊ लागली होती. २०१८ मध्ये ब्रिटनच्या जनरल प्रॅक्टिशनर डॉक्टरांच्या रॉयल कॉलेजने पार्करनशी हात मिळवला, आणि दवाखाने आपल्या रुग्णांना शनिवारच्या या मेळ्याला पाठवू लागले.

मोफत या शब्दाची परीक्षा २०१६ मध्ये झाली. ब्रिस्टलजवळच्या लिटल स्टोक इथल्या पार्करनकडे स्थानिक पॅरिश कौन्सिलने उद्यानाच्या देखभालीसाठी पैसे मागितले. कौन्सिलचं म्हणणं अगदीच अवाजवी नव्हतं. शेकडो पाय दर आठवड्याला एकाच वाटेवर पडले की वाट झिजतेच. पार्करनने पैसे द्यायला नकार दिला आणि तिथला उपक्रम बंद केला. एका ठिकाणी एक पौंड घेतला की दुसरीकडे दोन मागितले जातील, हे त्यांना कळत होतं. कार्यक्रम चालवणाऱ्याला कधीतरी अशी कठोर वेळ येते. कुठली गोष्ट अजिबात सोडायची नाही हे आधीच ठरलेलं नसेल, तर त्या दिवशी ठरवता येत नाही.

पार्करनचंही एक दुखणं आहे. सधन, आधीच हालचाल करणारे लोक अशा ठिकाणी आपोआप येतात आणि गरीब वस्त्या मागे राहतात. मुद्दाम तिकडे वळायचं तर वेगळी रचना लागते, आणि तिचा सर्वांत धीट नमुना कोलंबियातून आला.

१९९४ च्या विश्वचषकात स्वयंगोल झाल्यानंतर काही दिवसांतच कोलंबियाचा खेळाडू आंद्रेस एस्कोबार याची मेदेयीन शहरात हत्या झाली. त्या शहरात राहणाऱ्या युर्गन ग्रीसबेक या जर्मन अभ्यासकाने टोळ्यांमधल्या पोरांना फुटबॉलसाठी एकत्र आणायचं ठरवलं. पंच काढून टाकला. मुलींना संघात घेणं सक्तीचं केलं, आणि पहिला गोल मुलीनेच करायचा असा नियम घातला. पुढे त्यातूनच तीन भागांचा फुटबॉल घडला. आधी दोन्ही संघ वर्तुळात बसतात आणि त्या सामन्याचे नियम ठरवतात. मग खेळतात. मग पुन्हा बसतात, ठरलेलं कुणी पाळलं ते बोलतात, आणि खिलाडूपणाचे गुण एकमेकांना देतात. गोलांचे गुण आणि हे गुण मिळून निकाल लागतो. पंचाच्या जागी एक मध्यस्थ असतो, तो फक्त बोलणं पुढे नेतो. शिट्टीची सवय झालेल्या प्रशिक्षकांना हे पचायला जड जातं. पण नियम ज्याने स्वतः कबूल केला आहे तो मुलगा धक्का मारताना क्षणभर थबकतो. लाखो रुपयांच्या उपकरणांनी न घडणारा हा बदल आहे.

या कामाचं जाळं पुढे स्ट्रीटफुटबॉलवर्ल्ड नावाने जगभर पसरलं आणि त्यात आपल्या नागपूरची स्लम सॉकरही आली. हिस्लॉप कॉलेजात क्रीडाशिक्षक असलेले विजय बारसे यांनी पावसात फुटकी बादली लाथाडत खेळणारी झोपडपट्टीतली पोरं पाहिली आणि २००१ च्या सुमारास त्यांच्यासाठी स्पर्धा भरवली. ‘झुंड’ चित्रपटामुळे ही गोष्ट घरोघरी पोचली. २०१६ मध्ये फिफाचा विविधता पुरस्कारही या संस्थेला मिळाला. नैरोबीच्या मथारे वस्तीत १९८७ पासून चाललेलं काम याच जातकुळीचं: तिथे वस्तीतला कचरा उचलला की त्याचे गुण संघाच्या खात्यात, लीगच्या तक्त्यात जमा होतात.

कोलंबियातल्याच बोगोता शहराची सिक्लोव्हिया आता सर्वपरिचित आहे, त्यामुळे तिच्यावर थोडक्यातच. १५ डिसेंबर १९७४ रोजी सायकलप्रेमींनी काही रस्ते मोटारींपासून मोकळे करून घेतले. आज दर रविवारी आणि सुटीच्या दिवशी सकाळी सात ते दुपारी दोन असे सव्वाशे किलोमीटरच्या आसपास रस्ते लोकांचे होतात. १९९५ पासून त्याला उद्यानांतल्या मोफत व्यायामवर्गांची जोड मिळाली. तिची ताकद तिच्या ठरलेल्या वेळेत आहे. मुंबईत नोव्हेंबर २०१४ मध्ये वांद्रे–सांताक्रूझ भागात रविवारी रस्ता मोकळा ठेवण्याचा ‘इक्वल स्ट्रीट्स’ हा सुरेख प्रयत्न झाला, पण टिकला नाही. पुण्यात लक्ष्मी रस्ता ११ डिसेंबरच्या पादचारी दिनी मोकळा होतो. वर्षातून एकदा मिळालेला रस्ता पाहून आनंद होतो. सवय लागायला तो आठवड्यातून एकदा तरी मिळावा लागतो.

सरकारी पैसा ओतून हे काम करण्याचा मोठा प्रयत्न इंग्लंडमध्ये झाला. स्पोर्ट इंग्लंडने डिसेंबर २०१७ मध्ये बारा ठिकाणं निवडली, सुमारे दहा कोटी पौंड बाजूला काढले, आणि ठिकाणं कशी? ग्रेटर मँचेस्टरसारखा अवाढव्य प्रदेश, पश्चिम लंडनमधलं पंजाबी वस्तीचं साउथॉल, आणि यॉर्कशायरच्या किनाऱ्यावरचं विदर्नसी हे चिमुकलं गाव. ठरलेली योजना कुणाच्याच हाती दिली नाही. आधी माणसांशी बोला, करून पाहा, चुकलं तर बदला, असं सांगितलं. पैसा देणाऱ्याला सर्वांत अवघड काय जातं, तर थांबणं. पहिल्या वर्षाच्या अहवालात दाखवायला आकडे नसतात. जोडीला २०१६ पासून ओपन डेटा इन्स्टिट्यूटच्या मदतीने ‘ओपनॲक्टिव्ह’ उभं राहिलं. कुठल्या हॉलमध्ये बॅडमिंटनचं कोर्ट कधी मोकळं आहे, ज्येष्ठांचा वर्ग कुठे आणि किती वाजता आहे, ही माहिती प्रत्येक संस्थेने एकाच साच्यात खुली करायची, म्हणजे कुणालाही तिच्यावर ॲप बांधता येतं. कंटाळवाणं काम आहे. तरी ते झाल्याशिवाय पुढचं काही होत नाही.

महाराष्ट्राला हे सगळं नवं वाटायचं कारण नाही. १९१४ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने समिती बसवून खो-खोचे नियम बांधले. कबड्डी तर संजीवनी, गामिनी आणि अमर अशा निरनिराळ्या तऱ्हांनी खेळली जायची. १९२३ मध्ये बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने नियम छापले, पुढे अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने त्यांना आणखी आकार दिला. १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीचं प्रदर्शन केलं. गावोगावच्या तऱ्हा गोळा करून, खेळून, वाद घालून एक खेळ उभा करणं हेच तर ओपन इनोव्हेशन. २०१४ च्या प्रो कबड्डीने चढाईला तीस सेकंदांचं घड्याळ लावलं, अल्टिमेट खो-खोने २०२२ मध्ये कुठल्याही दिशेला पळू शकणारा ‘वजीर’ आणला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला आणि विजेत्या भारतीय संघांचे दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे होते. खेळ बदलतो तेव्हा मला आनंदच होतो. फक्त हे बदल आता टीव्हीच्या वेळापत्रकावरून ठरू लागले आहेत आणि गल्लीतल्या मंडळाला कुणी विचारत नाही, याचं दुःख आहे.

आणि विचारायची निकड फार आहे. २०२४ मध्ये लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये आलेल्या अभ्यासानुसार २०२२ साली भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते. बायकांमध्ये हे प्रमाण ५७ टक्के, पुरुषांमध्ये ४२ टक्के. आपल्या शहरांनी यावर शोधलेला उपाय म्हणजे बागेतली ओपन जिम. पिवळ्या-निळ्या रंगाची तीच यंत्रं सगळीकडे, शेजारी उद्घाटनाची पाटी. पहाटे साडीवर बूट घातलेल्या बायका त्यांवर मनापासून पाय हलवताना दिसतात, म्हणजे इच्छा आहे. पण वर्षभरात एखाद्या यंत्राचं बेअरिंग धरतं आणि तक्रार कुणाकडे करायची ते कुठे लिहिलेलं नसतं. बसवण्याआधी त्याच बायकांना विचारलं असतं तर बहुधा यंत्राआधी दिवा, स्वच्छतागृह आणि टवाळ पोरांपासून थोडा आडोसा मागितला गेला असता.

असा कार्यक्रम इथे उभारायचा तर सुरुवात लालबाग-परळपासून कोल्हापूर, सांगलीपर्यंतच्या कबड्डी मंडळांपासून करावी लागेल. चुना आखणं, दिवे लावणं, पोरं गोळा करणं, वर्गणी मागणं हे सगळं ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या करत आली आहेत. त्यांना समितीत सल्लागार म्हणून खुर्ची दिली की काम भागलं असं समजू नये. संयोजकाला मानधन, साहित्य दुरुस्तीला वेगळी रक्कम, आणि नियम स्थानिक पातळीवर बदलण्याचा लेखी अधिकार द्यायला हवा. शाळांची मैदानं संध्याकाळी कुलूपबंद असतात. त्यांची एक चावी मंडळाकडे आणि एक महिला बचत गटाकडे राहिली पाहिजे. आणि बैठका कार्यालयीन वेळेत ठेवून चालणार नाही. मंडळाची माणसं नोकरीवरून परततात रात्री आठनंतर, आणि घरच्या बायकांना मोकळी मिळते ती दुपारी दोन ते चारची वेळ. त्यामुळे दर महिन्याला बैठका दोन घ्याव्या लागतील, आणि दोन्हींचं इतिवृत्त एकमेकींसमोर वाचावं लागेल.