अदृश्य किरणांचा हिरवा उजेड
क्ष-किरण शोषून दृश्य प्रकाश देणारा पदार्थ म्हणजे सिंटिलेटर. 1895 मध्ये राँटजेन यांना या किरणांचा सुगावा लागला, तोही बेरियम प्लॅटिनोसायनाइडचा पडदा चमकल्यामुळेच! सध्या प्रयोगशाळांत सिंटिलेटर म्हणून धातू-सेंद्रिय जाळीदार स्फटिकांची चाचपणी सुरू आहे. त्यांतले टर्बियम (अणुक्रमांक 65) किंवा युरोपियमचे (63) जड अणू क्ष-किरण अडवतात; त्यातून सुटलेली ऊर्जा भोवतालचे सेंद्रिय रेणू अँटेनासारखे टिपून पुन्हा धातूकडे पोचवतात. मग टर्बियम सुमारे 545 नॅनोमीटरला हिरवा, युरोपियम 615च्या आसपास लाल उजळतो. खरी अडचण वेगाची. ही चमक मिलिसेकंदभर रेंगाळू शकते. स्थिर चित्राला ते चालतं, वेगवान सीटी स्कॅनला नाही. शिवाय अशा अनेक जाळ्या ओलाव्यात टिकत नाहीत. क्ष-किरण पडद्यांत आजही भरवसा आहे तो टर्बियम मिसळलेल्या गॅडोलिनियम ऑक्सिसल्फाइडवर.