वर्गाबाहेरची भट्टी

गेल्या हिवाळ्यात पश्चिम उत्तर प्रदेशातील एका विद्यापीठाच्या व्यवस्थापन विभागात मी आठवडाभर पाहुणा अध्यापक म्हणून शिकवत होतो. वर्ग एमबीएच्या दुसऱ्या वर्षाचा होता. अमेरिकेतील एका कॉफीच्या दुकानसाखळीवरची केस मी सोबत नेली होती. विस्तार करताना दर्जा कसा राखावा, हा तिचा विषय. विद्यार्थ्यांनी ती इमानेइतबारे वाचून आणली होती, उत्तरेही तयार ठेवली होती; पण चर्चा काही केल्या रंगेना. अखेर मी विचारले, ‘‘तुमच्यापैकी किती जणांनी असे दुकान आतून पाहिले आहे?’’ साठ जणांच्या वर्गात चार हात वर आले.

विषय बदलावा म्हणून मी खेळत्या भांडवलाकडे वळलो. लघुउद्योगाला त्याच्या मालाचे पैसे किती दिवसांत मिळायला हवेत, असे विचारताच उत्तर एकसुरात आले: 45 दिवस. उत्तर चुकीचे नव्हते. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीच्या 2006 च्या कायद्यातील ती कमाल मुदत आहे आणि ती न पाळणाऱ्या खरेदीदाराला त्या वर्षी प्राप्तिकरात वजावट मिळत नाही, अशी तरतूदही आता लागू झाली आहे. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, ‘‘सर, कायद्यात 45 दिवस आहेत. आमच्याकडे पैसे लग्नसराई उरकल्यावर येतात.’’

‘आमच्याकडे’ म्हणजे फिरोजाबादला. तिचे वडील काचेच्या बांगड्यांवर नक्षी करवून घेणारा छोटा कारखाना चालवतात. पुढची वीस मिनिटे मी खडू खाली ठेवून ऐकत राहिलो. काचेची भट्टी रात्रंदिवस पेटती ठेवावी लागते. ती थंड होऊ दिली तर आतली मडकी तडकतात. म्हणून बाजारात मागणी नसली तरी गॅस जळतच राहतो आणि बिल येतच राहते. मागणी नसतानाही मालक माल का काढतो, याचे उत्तर त्या एका गोष्टीत होते. स्थिर खर्चाचा इतका स्वच्छ धडा मी कोणत्याही पाठ्यपुस्तकात वाचलेला नाही. भट्टीतून निघालेली काच फिरत्या दांड्यावर गुंडाळली जाते, कापली जाते आणि मग कारखान्याबाहेर पडते. बांगडीची टोके सांधण्याचे काम घरोघरी चालते. ते मुख्यत्वे बायका करतात आणि मजुरी तोड्यावर, म्हणजे तीनशेहून अधिक बांगड्यांच्या जुडग्यावर, ठरते. कारखानदार आणि या बायका यांच्यामध्ये ठेकेदार असतो. कोणाचा कोणाशी लेखी करार नसतो.

करार लेखी नसेल, तर त्याच कायद्याप्रमाणे मुदत 45 नव्हे, 15 दिवसांची आहे. हे वर्गात कोणालाच ठाऊक नव्हते. खरे सांगायचे तर मलाही रात्री खोलीवर जाऊन कायदा उघडावा लागला.

त्या रात्री मला पडलेला प्रश्न असा, की इतके जाणणाऱ्या मुलीला चार सत्रे पूर्ण होईपर्यंत कोणी काहीच कसे विचारले नाही?

याचे उत्तर आपल्याकडे हे शिक्षण ज्या वाटेने आले, त्यात आहे. व्यवस्थापनाचे शिक्षण भारतात प्रथम विद्यापीठांच्या छायेतच रुजले. कोलकात्याची समाजकल्याण व व्यवसाय व्यवस्थापन संस्था 1953 ची, दिल्ली विद्यापीठाचा व्यवस्थापन विभाग 1954 चा, मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज संस्था 1965 ची. परंतु 1961 मध्ये कोलकाता आणि अहमदाबाद येथे भारतीय व्यवस्थापन संस्था स्थापन झाल्या आणि प्रतिष्ठेचे केंद्र विद्यापीठाबाहेर गेले. या संस्था स्वायत्त होत्या. 2017 चा कायदा होईपर्यंत त्यांना पदवी देण्याचाही अधिकार नव्हता, त्या पदविका देत. तरीही देशभरातील विद्यापीठांनी नक्कल केली ती त्यांचीच.

आणि नक्कल करताना नेमकी गोष्ट सुटली. अहमदाबादच्या संस्थेने हार्वर्डकडून केस-पद्धती घेतली, हे सर्वांना माहीत आहे. पण तिच्या पहिल्या पिढीतील अध्यापकांनी केवळ हार्वर्डच्या केसेस शिकवल्या नाहीत. भारतीय उद्योगांत आणि शेतीच्या व्यवहारात जाऊन त्यांनी स्वतः केसेस लिहिल्या. घेण्यासारखी होती ती पद्धत: समोरचा व्यवहार पाहणे, त्यातील निर्णयाचा क्षण ओळखणे आणि तो वर्गापुढे ठेवणे. आपल्या बहुसंख्य विभागांनी त्या पद्धतीची फक्त छापील पाने घेतली. छायाप्रतींवर छायाप्रती काढल्या गेल्या आणि वर्गाच्या खिडकीबाहेरचा बाजार अभ्यासक्रमात आलाच नाही.

रवी मथाई यांचे उदाहरण अशा वेळी आठवते. अहमदाबादच्या संस्थेचे ते पहिले पूर्णवेळ संचालक. 1972 मध्ये त्यांनी स्वेच्छेने संचालकपद सोडले आणि ते त्याच संस्थेत साधे प्राध्यापक म्हणून राहिले. त्यानंतर काही वर्षांतच ते सहकाऱ्यांसह राजस्थानातील अजमेर जिल्ह्यातल्या जवाजा या भागात गेले. तेथील विणकर आणि चामड्याचे काम करणाऱ्या कारागिरांबरोबर त्यांनी काम केले. व्यवस्थापनाचे ज्ञान कंपनीबाहेर, ज्यांच्यापाशी भांडवल नाही अशांच्या उपयोगी पडते का, हे त्यांना तपासायचे होते. देशातील सर्वांत नामांकित व्यवस्थापन संस्था उभी करणाऱ्या माणसाला कारागिरांच्या गावात आपला वर्ग दिसला. आपल्या विद्यापीठांना तो शहरातल्या गल्लीतही दिसत नाही.

वस्तुतः विद्यापीठाचे बळ येथेच आहे. स्वतंत्र व्यवस्थापन संस्थेला जे बाहेरून आणावे लागते, ते विद्यापीठात एका व्हरांड्याच्या अंतरावर असते. त्या विभागाच्या समोरच्या इमारतीत रसायनशास्त्र होते. काच का तडकते, हे तेथे कळले असते. त्यापलीकडे विधी विभाग होता. ताजमहालाच्या परिसरातील उद्योगांनी कोळसा सोडून नैसर्गिक वायूकडे वळावे, हा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर 1996 चा आदेश तेथे शिकवला जात असणार. त्या आदेशाच्या कक्षेत फिरोजाबादही येते, आणि तिथल्या कारखानदारीचा हिशेब त्याने मुळापासून बदलला. घरी बसून टोके सांधणाऱ्या बायकांचा अभ्यास समाजशास्त्राच्या लोकांनी केला असता. या चार विभागांतील अध्यापक एका टेबलाशी बसले असते, तर हार्वर्डला हेवा वाटावा अशी केस तयार झाली असती. मी चौकशी केली. ते एकत्र बसले होते, पण मूल्यांकन समितीच्या भेटीची तयारी करण्यासाठी.

यावर एक रास्त आक्षेप आहे आणि तो त्या मुलीनेच घेतला. ‘‘सर, मी भट्टीपासून सुटण्यासाठी इथे आले. परत भट्टीचाच अभ्यास करायचा, तर वडिलांनी पैसे कशाला खर्च केले?’’ तिच्या नावावर चार लाखांचे शैक्षणिक कर्ज आहे. बँकांच्या आदर्श योजनेत साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण लागत नाही. पण तारण नाही म्हणून परतफेड टळत नाही. अहमदाबादच्या संस्थेचे दोन वर्षांचे शुल्क पंचवीस लाखांच्या घरात असले, तरी तेथून बाहेर पडणाऱ्याला ते फेडण्याइतका पगार बहुधा मिळतो. लहान विद्यापीठातील चार लाख अधिक जड असतात. नोकरी देणारे सादरीकरण पाहतात, इंग्रजी ऐकतात. बांगड्यांचा तोडा कसा मोजतात, हे कोणी विचारत नाही.

तिचे म्हणणे मला खोडता आले नाही. मी एवढेच म्हणालो, की भट्टीपाशी परत जाणे वेगळे आणि भट्टीबद्दल जे ठाऊक आहे त्याला ज्ञान समजणे वेगळे. ज्या मुलाखतीत इतर उमेदवार अमेरिकेतील कॉफीबद्दल बोलतील, तेथे 45 दिवसांचा कायदा जमिनीवर का पोहोचत नाही, हे सांगणारा उमेदवार लक्षात राहील. खात्री देता येणार नव्हती आणि मी ती दिली नाही.

प्रबंधासाठी तिने एका बड्या बँकेचा वार्षिक अहवाल निवडला होता, कारण आकडे तयार मिळतात. विभागप्रमुखांनी विषय बदलण्यास परवानगी दिली. तसा नियम कोणत्याच परिपत्रकात आड येत नव्हता. अडचण घरी आली. वडील खातेवही दाखवायला तयार होईनात. घरचा हिशेब चारचौघांत मांडायचा नसतो, असे त्यांचे म्हणणे. दोन रविवार गेल्यावर त्यांनी वही काढून दिली.

मार्चमध्ये तिने मला प्रबंधाची प्रत पाठवली. एका वर्षातील प्रत्येक विक्री आणि तिचे पैसे हाती येण्याची तारीख, असा तक्ता त्यात आहे. त्यातली सर्वांत लवकर आलेली रक्कमही 45 दिवसांनंतरची आहे. त्या काळात गॅसचे बिल, ठेकेदाराची मजुरी आणि सावकाराचे व्याज कसे भागवले, हे पुढच्या पानांवर आहे. तिला आता एका वित्तकंपनीत नोकरी लागली आहे. लहान कर्जांची पाहणी करण्याचे काम आहे. कर्ज मागणाऱ्याची वही उघडल्यावर काय पाहायचे, हे तिला बहुधा शिकवावे लागणार नाही.

तो प्रबंध पुढच्या वर्गाला केस म्हणून द्यायचे विभागाने ठरवले आहे. त्यासाठी तिने एक सुधारित प्रत करून दिली. तीत व्यापाऱ्यांची नावे खोडून त्या जागी अ, ब, क अशी अक्षरे घातली आहेत. वडिलांना येत्या लग्नसराईत त्यांनाच माल विकायचा आहे.