घर वाढवताना मिस्त्रीआधी अभियंता

भाताची झोडणी आटोपली की शहापूर-मुरबाडकडे घरांची कामे निघतात. कुठे मुलाचा निकाह ठरलेला असतो, कुठे आखातातला भाऊ रजेवर यायचा असतो. पडवी मोडून खोली काढायची, कौले उतरवून स्लॅब टाकायचा, असे ठरते. गावातला मिस्त्री येतो, घराभोवती एक फेरी मारतो आणि म्हणतो, "होऊन जाईल, चाचा." बहुतेक घरांत एवढ्यावर काम सुरू होते.

आता थोडा हिशेब करू. 20 बाय 20 फुटांच्या, 5 इंच जाडीच्या स्लॅबचे वजन साडेअकरा टनांवर जाते. त्याच जागेवरचे मंगलोरी कौलांचे छप्पर वासे-रिपांसकट तीन टनांच्या आसपास असते. म्हणजे ओझे जवळपास चौपट! शिवाय आपल्याकडच्या कितीतरी जुन्या घरांत छपराचा भार लाकडी खांबांवर असतो. मातीत रचलेली भिंत नुसता आडोसा असते. त्या भिंतीवर स्लॅब बसेल का, हे बाहेरून पाहून कळत नाही. पायाशी खड्डा घेऊन पाहावे लागते.

भार कशावर आहे हे न पाहता तोडफोड केली तर काय होते, ते घाटकोपरला दिसले. 25 जुलै 2017 रोजी तिथली 'सिद्धी साई' ही चार मजली इमारत कोसळून 17 माणसे गेली. तळमजल्यावर नूतनीकरण चालू होते आणि त्यात खांबांना हात लावल्याचा आरोप झाला.

आपल्या समाजाची एक वेगळी अडचण आहे, तिच्याबद्दल फारसे बोलले जात नाही. बँकेचे कर्ज घेणाऱ्याला नकाशा आणि खर्चाचा अंदाज द्यावा लागतो, आणि काम किती झाले हे पाहून बँक पुढचा हप्ता सोडते. व्याज नको म्हणून आपण साठवलेल्या पैशातून, जमेल तसे बांधतो. ते चांगलेच आहे. पण मग त्या कामावर तिऱ्हाइताची नजर पडतच नाही. ती नजर आपल्यालाच पैसे देऊन आणावी लागते.

मिस्त्रीच्या हाताला कमी लेखण्याचा प्रश्नच नाही. ओळंबा, विटांची रचना, प्लास्टर यांत तो अभियंत्यालाही शिकवील. पण कुठे किती सळई लागेल, हे गणिताचे काम आहे. छज्जाचेच बघा. बाहेर लोंबणाऱ्या छज्जाची मुख्य सळई वरच्या बाजूला हवी. काँक्रीट ओतताना मजुरांच्या पायांखाली ती दबून खाली गेली, तर सेंटरिंग काढताच छज्जा वाकतो किंवा पडतो. म्हणून स्लॅबच्या दिवशी अभियंता जागेवर हवा, हे त्याच्याशी आधीच ठरवून घ्यावे. नुसता नकाशा देऊन तो मोकळा झाला तर निम्मे काम राहिलेच.

आपला भाग पावसाचा, आणि जमीनही अगदी शांत नाही. 1983 मध्ये भातसा धरणाच्या परिसरात, खर्डीकडे, भूकंपाचे धक्के बसले होते. जुन्या माणसांना ते आठवत असतील. जुने बांधकाम आणि नवी खोली यांचा सांधा अशा वेळी आधी उघडतो. एरवी पावसाळ्यात गळतीही तिथूनच सुरू होते.

ग्रामपंचायतीत कागद देताना परवानाधारक अभियंत्याचे प्रमाणपत्र लागतेच, तेव्हा त्याला फक्त सहीपुरता बोलावू नका. ठेकेदाराशी दर, मालाचा दर्जा आणि पैशांचे टप्पे कागदावर लिहून घ्या, मग तो नात्यातला का असेना. उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा, हे सूरह बकरातही सांगितले आहे. खाडीची खारी रेती स्वस्त मिळते म्हणून घेऊ नका. तिच्यातल्या मिठाने सळई आतून गंजते. बाजारातले बरेचसे सिमेंट आता मिश्र असते, त्याच्या स्लॅबला निदान 10 दिवस पाणी हवे. हे काम बहुधा घरातल्या बायकांवरच येते, म्हणून मुद्दाम लिहिले.

आणि वरचा मजला पुढे कधीतरी करू म्हणून गच्चीवर ठेवलेल्या उघड्या सळया? चार पावसाळे खाल्लेल्या त्या सळयांवर नवा खांब उभा करण्याआधी अभियंत्याला गच्चीवर नेऊन त्या दाखवा.