क्युबिकल ते कॅम्पस, व्हाया नरपड

अप्रेजलच्या सीझनमध्ये ‘सोडतो सगळं, प्रोफेसर होतो’ म्हणणारे प्रत्येक ऑफिसात दोघं-तिघं तरी सापडतातच. तुम्ही त्यातले असाल, तर राजीनामा टाइप करण्याआधी हे वाचाच!

वीकेंडला डहाणू लोकल पकडायची (विरारच्या पुढे ही सोय २०१३ पासूनची), डहाणू रोडला उतरून रिक्षाने नरपड गाठायचं. समोर समुद्र, मागे चिकूच्या वाड्या. मोबाइल सायलेंटवर गेला की मनातला जुना किडा वळवळायला लागतो. एमएस्सी केलं, ते काय एक्सेल शीट भरायला?

गंमत म्हणजे, हा परिसरच एक प्रयोगशाळा आहे. डहाणू तालुका १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर झाला. घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये जीआय मिळाला. वाढवण बंदराला केंद्राने २०२४ मध्ये मंजुरी दिली. म्हणजे माती, मासे, बागा, माणसं, सगळ्यावर अभ्यास हवाच. जवळच कोसबाडला कृषी विज्ञान केंद्र आहे, तर कोकणचं कृषी विद्यापीठ १९७२ पासून दापोलीत. विषय भरपूर आहेत हो, प्रश्न खुर्चीचा आहे!

जाहिरात वाचायची कशी?

आधी पगार नाही, पदाचा प्रकार बघा. ‘सहायक प्राध्यापक’ या पूर्णवेळ पदाचं सातव्या आयोगानुसार सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० रुपये, वर भत्ते. त्यासाठी मास्टर्सला ५५ टक्के (राखीव प्रवर्गांना सवलत) आणि नेट किंवा सेट हवी. जुलै २०२३ पासून पीएचडी ही किमान अट नाही. नेट देशभर चालते; पुणे विद्यापीठ घेतं ती सेट महाराष्ट्र-गोव्यासाठी. कृषी विद्यापीठांचे नियम मात्र वेगळे, ते स्वतंत्र तपासा.

‘तासिका तत्त्वावर’ हे दोन शब्द दिसले की थांबा. इथे जितके तास शिकवाल तितकेच पैसे. सुट्टी लागली की कमाईलाही सुट्टी. कायम होण्याच्या आशेवर अशी वर्षामागून वर्षं काढणारे कितीतरी जण आपल्या राज्यात आहेत. ईएमआय चालू असेल, तर हा हिशेब आधी मांडा.

तिसरा रस्ता संशोधनाचा. जेआरएफला २०२३ पासून दरमहा ३७,००० आणि दोन वर्षांनी एसआरएफ झालात की ४२,००० रुपये. पण यूजीसीच्या जेआरएफला खुल्या गटात वयाची अट तिशीची आहे. एकोणतिसावा वाढदिवस झाला असेल तर ‘पुढच्या वर्षी बघू’ चालणार नाही. तिशी उलटली असेल तरी हिरमुसू नका, सहायक प्राध्यापकासाठीच्या नेटला वयाची मर्यादा नाही. प्रकल्पावरच्या जागांचं मात्र लक्षात ठेवा: प्रकल्प संपला की नोकरीही संपली.

मग करायचं काय?

नोकरी न सोडता आधी परीक्षा द्या. नेट वर्षातून दोनदा होते. पण भरवसा वेळापत्रकावर नको, अभ्यासावर ठेवा. जून २०२४ मध्ये पेपर झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी परीक्षा रद्द झाली होती! सहा महिन्यांचा खर्च बाजूला काढा. आणि आपल्या जुन्या सरांना एक फोन करा. विभागात सध्या काय चाललंय, ते त्यांना ठाऊक असतं.

रविवारी संध्याकाळी परतीच्या लोकलमध्ये चिकूची पिशवी मांडीवर असेल. विरार येईस्तोवर वेळच वेळ असतो. बॉसला शिव्या घालण्यापेक्षा पेपर एकचा सिलॅबस उघडा की राव!